बाईंचं झालं की बसतो

पेडगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दिल्लीत अधिवेशन चालू असलं की त्यांच्या दुकानातल्या छोट्या टीव्हीवर दिवसभर लोकसभाच लागलेली असते. कुणी मॅच लावा म्हटलं, तर म्हणतात, “थांबा जरा, प्रश्नोत्तराचा तास चालू हाय.” गोंधळामुळं कामकाज तहकूब झालं की हातातलं कापड बाजूला ठेवतात आणि घरातलंच कुणी भांडून निघून गेल्यासारखे दाराकडं बघत बसतात. आम्ही हसायचो.

मागच्या ग्रामसभेत ऊसतोडीहून परतलेली एक बाई उभी राहिली. घरकुलाची यादी झाली तेव्हा ती कारखान्यावर होती, म्हणून तिचं नाव राहून गेलं होतं. तिनं तोंड उघडताच सरपंचांची माणसं ओरडायला लागली. मी मान खाली घातली. मास्तर मात्र उठले. सरपंचांच्या माणसांकडं वळून म्हणाले,

“आदी त्यांचा प्रश्न पुरा होऊ द्या. मग जवाब द्या.”

“मास्तर, खाली बसा!”

“बसतो. बाईंचं झालं की बसतो.”

ते उभेच राहिले. शेवटी बाई बोलली आणि ग्रामसेवकानं तिचा अर्ज घेतला.

शाळेच्या गणवेशाचं काम दरवर्षी मास्तरांकडं असायचं; यंदा ते सरपंचांच्या सांगण्यावरून दुसऱ्या शिंप्याकडं गेलं. मी दुकानात जाऊन म्हणालो, “मास्तर, तुमचं लय नुकसान झालं.”

“झालं की,” ते सुईत दोरा ओवत म्हणाले. “पण ती बाई पहिल्यांदाच बोलायला उठली होती. तवाच खाली बसवलं असतं, तर पुन्हा उठली नसती.”