आधी सर बोलतील

वाल्मिकच्या हुशारीबद्दल कुणाचं दुमत नव्हतं आणि भिडस्तपणाबद्दल तर मुळीच नव्हतं. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बाप उभा असताना पोरानं बैलाची किंमत बोलायची नाही, असं त्याच्या वडिलांनी, आसारामांनी, लहानपणीच बजावलं होतं. पोरगं चाळिशीला आलं तरी ते काही विसरलं नाही.

नोकरी सुप्याच्या एमआयडीसीत, मशिनी दुरुस्त करायची. पण दुपारची पाळी असली की सकाळी हा गडी चहा घेऊन लॅपटॉपपुढं बसे तो बायकोनं, पंकजानं, डबा हातात देईपर्यंत हलत नसे. काम कसलं, तर लिनक्सच्या कर्नलचं. कर्नल म्हणजे संगणक ज्याच्या जिवावर चालतो तो मूळ प्रोग्राम. जगभरची माणसं त्यात रोज बदल करतात, तेही आपापल्या नव्या मशिनी बघून. मग कुठल्यातरी जुन्या जातीच्या प्रोसेसरसाठी त्याचा बिल्डच होत नाही, म्हणजे लिहिलेल्या ओळींचा चालता प्रोग्राम बनतच नाही, मध्येच अडतो, आणि पडद्यावर चुकांची मारुतीच्या शेपटीएवढी यादी येते. असल्या एका प्रोसेसरची यादी वाल्मिक अकरा वर्षं निस्तरत होता. फुकट, आणि आवडीनं.

हे वेड लावलं भिमाजी सरांनी. सर कॉलेजात शिकवायचे, निवृत्त होऊन आपल्या गावी, राजूरला गेले. वाल्मिकनं चूक शोधावी, दुरुस्ती करून सरांना धाडावी, सरांनी ती आपल्या नावानं मेलिंग लिस्टवर, म्हणजे कर्नलवाल्यांच्या सामाईक चावडीवर, टाकावी. सर दरवेळी म्हणायचे, अरे, तुझं तू पाठव. हा म्हणायचा, तुम्ही असताना मी कशाला, सर. काय म्हणावं या माणसाला! बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत.

मागच्या वर्षी त्या लिस्टवर एक प्रश्न आला. हा प्रोसेसर कर्नलमधून काढून टाकायचा विचार आहे, कुणी वापरत असेल तर सहा आठवड्यांत कळवा. वाल्मिकनं तो दोनदा वाचला. ‘मी वापरतो’ एवढी एक ओळ लिहिली असती तरी भागलं असतं. पंकजाही म्हणाली, लिहून टाका की. तो म्हणाला, “आधी सर बोलतील.”

सर बोलले नाहीत. फोन करून विचारावं, तर ते सरांना आठवण करून दिल्यासारखं होईल, तेही बरं दिसत नाही. पुढच्या आवृत्तीची दुरुस्ती त्यानं तयार करून ठेवली आणि थांबला. सहा आठवडे संपले. सातव्यात त्या प्रोसेसरच्या हजारो ओळी कर्नलमधून एका फटक्यात काढल्या गेल्या. खाली शेरा होता, विचारणा केली, वापरणारं कुणी आढळलं नाही. अकरा वर्षं राबणारा हा माणूस कुणालाच आढळला नव्हता, आणि त्याचा दोष दुसऱ्या कुणाला द्यायचीही सोय नव्हती.

सर नक्कीच आजारी असणार, असं धरून रविवारी तो मोटरसायकलनं राजूरला गेला. सर ठणठणीत होते. लॅपटॉपवर तोच शेरा उघडा होता.

“सर, तुम्ही काही लिहिलं नाही?”

“मुद्दाम न्हाई लिहिलं,” सर म्हणाले. “म्हटलं, आपण गप बसल्याशिवाय हा तोंड उघडायचा न्हाई. शेवटच्या दिवशी लिहायला बसलो हुतो. मग वाटलं, नको, आज लिहील तो.”

आपण केवढी माती केली हे वाल्मिकला तेव्हा कळलं. सरांच्या बायकोनं चहा आणला, तो निवला.

मग सरच सावरून म्हणाले, अजून परत मागता येईल, फक्त लेखी मागावं लागेल. “पन ते एकच विचारतील, हे सांभाळनार कोन?”

वाल्मिकनं सवयीनं सरांच्या तोंडाकडं पाहिलं.

सरांनी लॅपटॉप मिटला.