साहेबांना दाखवायची भाजी

अनसाबाईचं गाव मंठाळच्या अलीकडे की पलीकडे, ते सांगत नाही. सांगितलं तर मृत्युंजय सर तिसऱ्या दिवशी खुलासा घेऊन येतील, आणि खुलासे लिहिण्यात त्यांचा हात धरणारा उभ्या बीदर जिल्ह्यात कोणी नाही. ते तिथल्या सरकारी मराठी शाळेचे मुख्याध्यापक. अनसाबाई त्याच शाळेत अकरा वर्षं रांधते. एक्केचाळीस पोरांचा भात आणि सांबार, रोज. घर धनगराचं, सासऱ्यापर्यंत मेंढरं होती, नवऱ्यापासून नुसती दुसऱ्याच्या रानातली मजुरी. स्वतःचं म्हणावं असं वीतभर रान तिच्याकडे नाही. तोंड मात्र आहे, आणि ते तिने कधी पडीक ठेवलेलं नाही.

मृगाच्या तोंडावर वरून फर्मान आलं: प्रत्येक शाळेने परसबाग करावी, भाजी पोरांच्या ताटात जावी. सरांनी अर्धंच वाक्य वाचलं आणि चिटगुप्प्याला जाऊन पाटी रंगवून आणली. वर कन्नड, खाली मराठी, मध्ये स्वतःचं नाव. पाटी रोवली त्या दिवशी जमिनीत एक काडी नव्हती. वाफे केले अनसाबाईने आणि तिच्या हाताखालच्या मल्लम्माने. सर सावलीत उभे राहून फोटो काढत होते. फोटोत खुरपी आली, हात आले, बायकांची तोंडं तेवढी कापली गेली.

श्रावणात भेंडी लागली, गवार लागली, दोडका भिंतीवर चढला. अनसाबाई टोपली घेऊन निघाली तर सर आडवे.

"अनसाक्का, हात लावायचा नाही. तपासणीला साहेब येणार आहेत."

"साहेब खायला यायलेत का बघायला?"

"बघायला. बाग भरलेली दिसली पाहिजे."

"मंग पोरांनी काय खावं?"

"सांबार आहे की."

सांबार होतंच. त्यातली बटाट्याची फोड ज्याच्या ताटात पडे, त्याला बाकीची पोरं नशीबवान म्हणत.

साहेब आले नाहीत. बोटाएवढी भेंडी वीतभर झाली, जून झाली, तिचा दोर वळता आला असता. गवारीची काटकं झाली. दोडका वाळून त्याची घासणी झाली, त्या घासणीने मल्लम्माने पातेली घासली, एवढाच काय तो त्या बागेचा शाळेच्या स्वयंपाकाला लागलेला हात. सर रोज सकाळी बागेत फेरी मारत आणि एकही शेंग कमी झाली नाही म्हणून खूश होत. आपल्याकडे देवाला दाखवलेला नैवेद्यसुद्धा मागाहून माणसंच खातात. सरांचा नैवेद्य साहेबांना दाखवल्याशिवाय हलणार नव्हता, आणि साहेब काही प्रसन्न होईनात.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर अनसाबाईने सगळं उपटलं आणि थंडीचं पेरलं. मेथी, पालक, चुका, कोथिंबीर, दोन वाफे वांगी. थंडीने भाजी अशी काही माजली की रस्त्याने जाणारा माणूस सायकल थांबवून बघे. तेवढ्यात पुन्हा तारीख आली: येळवशीच्या दुसऱ्या दिवशी साहेब नक्की येणार. सरांनी बागेभोवती सुतळी बांधली आणि अनसाबाईला बजावलं, "एक पान तुटलं तर तुमची पळी गेली समजा. अध्यक्षांची सून या जागेसाठी वाट बघत बसलीय."

ते खरं होतं. शाळा समितीच्या अध्यक्षांची सून दोन वर्षांपासून वाट बघत होती, आणि अनसाबाईच्या नवऱ्याच्या कमरेने दोन वर्षांपूर्वीच राजीनामा दिला होता. घर त्या पळीवर चालत होतं.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी इकडे गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. ज्याचं रान आहे तो रानात कडब्याची खोप करतो, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून मांडतो, असतील नसतील त्या पालेभाज्या आणि शेंगांचे दाणे घालून भज्जी रांधतो, आंबील रानभर शिंपडतो आणि येईल त्याला जेवू घालतो. ज्याचं रान नाही तो दुसऱ्याच्या खोपीवरचा पाहुणा. अनसाबाई जन्मभर पाहुणी म्हणूनच जेवली होती. त्या सकाळी ती आणि मल्लम्मा बंद शाळेत वाफ्यांना पाणी द्यायला गेल्या. मेथी फुलावर यायच्या बेतात होती. आणखी चार दिवसांनी तीही गेली असती.

"ह्या मातीत पावसाळ्यापासून कोण राबायलंय?" अनसाबाईने विचारलं.

"आपुनच की."

"मंग हे रान कुणाचं?"

मल्लम्माला उत्तर माहीत होतं, आणि त्या उत्तराने पळी कोणाची जाणार हेही माहीत होतं.

"येळवशीला रान उपाशी ठिवलं तर पाप लागतंय. आण विळा."

दहा वाजेपर्यंत शाळेच्या आवारात खोप उभी राहिली. आधी बिनरानाच्या घरची पोरं आली, मग रानवाल्यांचीही आली, कारण वास भिंतीत अडत नाही. तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे ज्याने त्याने घरून आणले. मोठं पातेलं रटरटू लागलं. अध्यक्षांच्या रानात जेवायला निघालेल्या सरांना भिंतीवरून धूर दिसला. गाडी लावून ते आत आले, तर वाफे मेंढरं भादरावीत तसे भादरलेले. त्यांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत अनसाबाईने ताट वाढून समोर ठेवलं.

"खोपीवर आल्यालं माणूस न जेवता जात न्हाई, सर. आधी बसा, मंग शिव्या द्या."

सर शेतकऱ्याच्या पोटचे. येळवशीचं ताट ओलांडलं की रान कोपतं, हे त्यांना आईने लहानपणीच शिकवलं होतं, आणि डीएडला त्यावर उतारा शिकवलेला नव्हता. ते बसले. पहिला घास रागाने खाल्ला, दुसरा जरा जपून. तिसऱ्या वेळी भज्जी त्यांनी स्वतः मागून घेतली. मग हात धुतला आणि राहिलेला राग पुरा केला.

"उद्या साहेबांना उत्तर तुम्हीच द्या. परवापासून यायचं नाही."

अनसाबाई भ्याली. खोटं कशाला सांगा, घरी जाऊन पदर तोंडात धरून रडली.

दुसऱ्या दिवशी साहेब खरोखरच आले. हातात एक छापील कागद. उघडे वाफे बघून त्यांनी कन्नडमधून विचारलं, बाग कुठे आहे? सगळे अनसाबाईकडे बघू लागले. पण उत्तर सरांनीच दिलं. बाईला बोलू दिलं तर ती कोण कोण जेवलं तेही सांगेल, एवढा हिशेब त्यांना सुचला होता.

"गुरं शिरली, साहेब. काल सुट्टी होती. मोठा कळप होता, सगळं फस्त केलं."

पळी वाचली. आता फक्त गप्प बसायचं होतं. मल्लम्माने मागून पदरही ओढला. समोर पोरं रांगेत बसली होती. पहिलीतली धनलक्ष्मी, जिने काल भज्जी पुन्हा मागून खाल्ली होती, शेजारणीला विचारत होती, "कुठली गं गुरं?"

"गुरं न्हाईत, साहेब," अनसाबाई म्हणाली. साहेबांना कळावं म्हणून कन्नडमधून म्हणाली, आणि मोठ्याने. "माणसं जेवली. ही एक्केचाळीस लेकरं, आमी दोघी, आन् हे सर. भाजी मी तोडली, मी रांधली. मला काढायचं तर काढा. लेकरांना गुरं म्हणू नका."

सर पाटीकडे बघत राहिले. साहेबांनी कागद बघितला. बाग नासल्याची कारणं त्यावर तीनच छापली होती: पाऊस, कीड, जनावरं. पोरांनी खाल्ली, असा रकाना नव्हता. परसबागेतली भाजी पोरांच्या पोटात जाईल, ही शंका वर कोणालाच आलेली नव्हती. साहेब माणूस वाईट नव्हते. थोडा वेळ त्यांनी खरोखर विचार केला, आणि जनावरांपुढे खूण केली.

सरकारी कागदावर गुन्हा जनावरांचा ठरला, तेव्हा अनसाबाईला काढायला कारण उरलं नाही. पुढच्याच महिन्यात जनावरांसाठी काटेरी तारेचं कुंपण मंजूर होऊन आलं. फाटकाला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात, आणि पोरांना आत जायची बंदी.

अनसाबाईने तारेच्या अलीकडे, पोरं हात धुतात तिथल्या ओलीत, मेथी टाकली. सर म्हणाले, ही बागेत धरता येणार नाही. ती म्हणाली, "नगाच धरू." तिसऱ्या आठवड्यात मेथी सांबारात गेली.