दोन शाली आणि एक बस

आष्टीत तातेरावांचा आवाज ज्याने ऐकला नाही, तो एक तर बहिरा किंवा परगावचा. मंडप-स्पीकरचा धंदा त्यांनी इतकी वर्षं केला, की गावातली लग्नं, जयंत्या आणि हरवलेल्या शेळ्या, सगळं त्यांच्याच तोंडून जाहीर झालं. आता धंदा मुलगा राजानंद बघतो आणि वडिलांना माईकला हात लावू देत नाही. कारण साधं आहे. तातेराव माईक घेतात, पण परत देत नाहीत. एका लग्नात नवरदेवाच्या मामालोकांचं स्वागत करता करता त्यांनी मुहूर्त चुकवून दाखवला होता.

माईक गेला, पण मोबाईल आला. दर सोमवारी सकाळी तातेराव गावच्या ग्रुपवर आदल्या रात्रीच्या मालिकेचं परीक्षण आपल्या आवाजात टाकतात. मालिका परदेशी, हिंदीत डब केलेली. तिच्यात अंगाला चिकटलेले कपडे घातलेली धडधाकट माणसं पोलिसांना न विचारता शहर वाचवत फिरतात. तातेराव ती नात भावनाबरोबर बघतात. भावना बघता बघता परतूरच्या कॉलेजचा अभ्यास करते, तातेराव बघता बघता शेरे मारतात.

त्या सोमवारचं परीक्षण असं होतं:

"नमस्कार आष्टीकर! काल लोहगरुड अन् काळा कोल्हा आमनेसामने आल्ते. दोघांचा धंदा एकच, शहर वाचवायचं. शहर एक अन् वाचवणारे दोन, मंग कसं जमल? पुलावर बस लटकून राह्यली, आतली माणसं बोंबलून राह्यली, अन् हे दोघं एकमेकाला इचारून राह्यले, तू कोण रे इथं येणारा? बस गेली नदीत. मंग दोघंबी काठावर मान खाली घालून उभे. लई दुःखी! अख्ख्या भागात कामाचा माणूस एकच, तो टीव्हीचा बातमीवाला. बाजूला उभं राहून भांडणाचं काय झकास वर्णन केलं गड्यानं! पाचपैकी दोन तारे. दोन्ही त्यालाच."

गाव पोट धरून हसलं, कारण गावाला परदेशी मालिका बघायची गरजच नव्हती. दोन महिन्यांपूर्वी बसथांब्यावर कुण्या टवाळाने कॉलेजच्या मुलींना काहीबाही बोलून पळ काढला. तो परत कधी दिसला नाही. पण दुसऱ्या दिवशी गावातला होतकरू पुढारी रामकिसन याने थांब्यावर 'भगिनी रक्षक दल' उभं केलं आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या बाजूला त्याचा प्रतिस्पर्धी मिथुन याने 'ताई सुरक्षा मंच'. दोघांचे मंडप, दोघांचे फ्लेक्स, दोघांचे छाती काढून उभे असलेले कार्यकर्ते. परतूरला जाणाऱ्या खासगी जीपगाड्या ताईंसाठी सुरक्षित नाहीत म्हणून दलाने हाकलल्या, आणि हाकलण्यात आपण मागे राहायला नको म्हणून मंचाने पुन्हा हाकलल्या. राहिली सकाळची बस. ड्रायव्हर लांबूनच घोषणा ऐकायचा, गर्दी बघायचा आणि बऱ्याचदा न थांबता निघून जायचा. मुलींची छेडछाड आता पूर्ण बंद झाली होती. मुलींचं कॉलेजही जवळजवळ बंद झालं होतं.

परीक्षण ऐकून रामकिसनचा फोन आला. "आबा, मिथुनची बराबर जिरवली!" पाठोपाठ मिथुनचा आला. "आबा, रामकिसनला बिलकुल तोंड दाखवायला जागा न्हाई ठेवली!" तातेराव दिवसभर खूश होते.

भावना मात्र हसली नाही. "आबा, गुरुवारी माझं प्रॅक्टिकल हाय. बाहेरून सर येणार हायेत. बस चुकली तर पुढच्या सत्रापर्यंत बसावं लागल. तुम्ही नुसतं बोलून राह्यले."

हे तातेरावांना चांगलंच झोंबलं. "मी येतो गुरुवारी. दोघंबी माझं ऐकतेत. रस्ता मोकळा करा म्हणायचं, बस. दोन शब्दांचं काम हाय. मी असल्यावर बस न थांबवायची कोणाच्या बापाची टाप हाय?"

भावनाचा त्यांच्यावर जीव होता, म्हणून तिने विश्वास ठेवला.

गुरुवारी राजानंद टेम्पो घेऊन वडीगोद्रीच्या लग्नाला गेला होता. तातेरावांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि अत्तर लावलं. बायको गिरिजाबाईंनी वर-खाली बघितलं. "बस थांबवायला चाल्ले का सत्कार घ्यायला?" तातेरावांनी ते ऐकलं नाही. मोठ्या माणसांना घरचे असेच बोलतात.

थांब्यावर पोचताच रामकिसनने त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. ते बघून मिथुनने शेजारच्या दुकानातून तिच्याहून भारी शाल आणवली. मग दोघांचं एकमत झालं, दोन महिन्यांत पहिल्यांदाच. "आबा, दोन शब्द बोला!" आणि माईक हातात आला.

"आबा, बस यायची वेळ झाली," भावना म्हणाली. तिच्याबरोबर तिची मैत्रीण रुखसार होती, दोघींच्या हातात वह्या.

"दोनच मिनिटं, बाळ."

'रस्ता मोकळा करा' एवढंच म्हणायचं होतं. पण माईकवर अशी सुरुवात करतं का कुणी? तातेराव म्हणाले, "उपस्थित बंधू आणि भगिनींनो!" मग मान्यवरांची नावं आली. मग लोहगरुड आला, कोल्हा आला. लोक हसले. तातेरावांनी कोल्ह्याची चाल करून दाखवली, लोक आणखी हसले. दुकानं सोडून माणसं आली आणि रस्ताभर उभी राहिली. खरं सांगायचं तर तातेराव इतकं सुरेख आयुष्यात कधी बोलले नव्हते. मागून हॉर्न वाजला, तसा त्यांनी आवाज चढवला.

"रस्ता माणसाचा असतो, झेंड्याचा नसतो!" ते गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. बसने गर्दीच्या कडेने वाट काढली आणि ती गेली. तिच्यामागे वह्या छातीशी धरून दोन मुली पळत गेल्या.

मग बस चुकलेल्या मुलींना आमच्याच मोटरसायकलवर चला म्हणत दलात आणि मंचात जी जुंपली, ती मिटेपर्यंत भावना आणि रुखसार वांग्यांच्या टेम्पोत बसून निघून गेल्या होत्या.

दुपारी भावना परत आली. तातेराव ओसरीवर बसले होते.

"झालं का गं?" त्यांनी विचारलं.

"प्रॅक्टिकल सुरू झाल्तं. आत घेतलं न्हाई." तिने पिशवी खाली ठेवली. "पण तुम्ही लई झकास बोलले, आबा. बाजूला उभं राहून. पाचपैकी दोन तारे. दोन्ही तुम्हालाच."

एवढं म्हणेपर्यंत तिचा आवाज फाटला आणि ती तोंड फिरवून रडायला लागली. दोन्ही शाली अजून तातेरावांच्या खांद्यावरच होत्या.