दादाची छिन्नी

आमच्या महाळुंगे पडवळच्या घरात दादाचा शब्द कोणी मोडत नाही. तो थोरला. मी मंचरला नोकरी धरली आणि शेत, गोठा, विहिरीवरची मोटार, सगळं त्याच्यावर टाकलं. राहतो एकाच घरात. त्याच्या हाताच्या भेगा रोज ताटाशी दिसतात आणि मी मान खाली घालून जेवतो.

परवा माझ्या मुलीच्या सायकलचे दोन स्पोक तुटले, चेनच्या बाजूचे. नवे बसवायचे तर आधी फ्रीव्हील, म्हणजे मागची दातेरी चकती, काढावी लागते. आमच्याकडे त्याची रीत एकच: चकतीच्या खाचेत छिन्नी टेकवायची आणि हातोडीनं हाणायची. मागच्या वेळी त्यात खाचा उडाल्या, अख्खं चाक बदलावं लागलं. तोवर पोरगी जीपमध्ये चेंगरून कॉलेजला जात होती.

म्हणून या वेळी मी फ्रीव्हील खोलायचं खास हत्यार मागवलं. अंगठ्याएवढं, कडेला दाते असलेलं. दुसऱ्या कशालाही ते लागत नाही.

दादा छिन्नी आणि हत्यारांची पेटी घेऊन ओट्यावर आलाच होता.

"ह्ये काय? एका चकतीला एक हत्यार? उद्या घंटीला बी येगळा पाना आणशील."

"लागला तर आणीन."

"आरं, ह्या पेटीवर आख्खा ट्रॅक्टर खोललाय मी. तुमा नोकरीवाल्यांचं लई कौतिक, राव!"

ते वर्मी लागलं. एरवी मी चाक गुपचूप त्याच्यापुढे सरकवलं असतं. पण माझ्या अपराधाची फेड पोरीच्या चाकानं का करावी?

"दादा, छिन्नी लावू देणार नाही."

हत्यार खाचांत बसलं. ते फिरवायला मोठा पाना हवा होता, तो त्याच्याच पेटीत. मी न विचारता घेतला.

"लागला ना शेवटी माझाच पाना?"

"पाना लागला. छिन्नी नाही लागली."

चाक गुडघ्यांत दाबून सगळा जोर लावला. कट्ट आवाज झाला आणि फ्रीव्हील सुटलं. खाचा शाबूत होत्या. दादा उठून गोठ्याकडे गेला. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण माफी मागितली नाही आणि मागणारही नाही.

सकाळी मुलगी सायकल काढत होती तेव्हा तो दारात उभा होता.

"चाक नीट फिरतंय का बघ गं," एवढंच तिला म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही.

चाक फिरत होतं. मीही त्याच्याकडे पाहिलं नाही.