राहूच्या काठावरचे करंज

राहू गावात नदीकाठी एका आबांनी करंजाची झाडं आणि वाळ्याचं गवत लावलं होतं. पुरात शेजाऱ्यांची माती वाहून गेली, आबांची टिकली. मी पाटबंधारे खात्यात, हे काँप्युटरवर दाखवायचं काम माझ्याकडं आलं. पण आमच्या मॉडेलमध्ये माती किती तग धरते याचा अख्ख्या काठाला एकच आकडा देता यायचा. करंज काय आन् उघडी माती काय, सगळं सारखंच. तीन आठवडे डोकं आपटलं. उत्तर तेच: झाडांचा उपयोग नाही.

मी मॉडेलची चूक समजावली, तर साहेब वैतागले. "काँप्युटर खोटं बोलतो का?" झाडांच्या जागी काँक्रीटची भिंत मंजूर झाली.

आबांना सांगायला मीच गेलो. ते म्हणाले, "तुमच्या मशिनला मुळ्या दिसत न्हाईत व्हय?"

आठवड्यानं भिंतीसाठी करंज तोडले. अजूनही चिडचिड होते.