पुढचा ब्रेक

माझे वरचे दोन दात खोटे आहेत. बघणाऱ्याला कळत नाही, पण मला भीती वाटली की जीभ आपोआप तिकडं जाते. सातवीत असताना गेले ते. माझं माहेर खुटबावचं. तिकडं ऊस, पाणी, सगळं सपाट. उतार म्हणून काय तो कालव्याच्या भरावावरून खाली येणारा, वीस-पंचवीस पावलांचा. चुलतभावाची मोठी सायकल घेऊन मी तिथून सुटले, मधे शेळी आली, आणि उजव्या हाताशी होता तो ब्रेक मी गच्च आवळला. तो पुढच्या चाकाचा होता. सायकल जागच्या जागी थांबली आणि मी मात्र पुढं गेले, थेट तोंडावर.

पुढचा ब्रेक माणसाला फेकतो, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. सायकलला मी परत हात लावला नाही.

आणि नशीब बघा, लग्न होऊन आले केंदूरला, टेकाडावरच्या वस्तीवर. घरातून पाऊल बाहेर टाकलं की उतार. रस्ता तीन वळणं घेत खाली गावात जातो. तिसऱ्या वळणाच्या तोंडाशीच ओढ्यावरचा पूल, त्याला एका बाजूचा कठडाच नाही, आणि पूल ओलांडला की मोठा रस्ता, तिथं कांद्याचे टेम्पो धाडधाड चाललेले असतात. आमचे हे मला मोटारसायकलवर मागं बसवून खाली न्यायचे तेव्हा मी डोळे मिटून घ्यायची.

"आगं उघड की डोळे, मी चालवतोय ना," हे म्हणायचे.

"म्हणूनच मिटलेत."

पोरगी आठवीत गेली तशी माझ्या भावानं तिला सायकल घेतली. शाळा खाली गावात, चालत पाऊण तास. पोरगी आनंदानं नाचत होती आणि मला नुसता उतार दिसत होता. सायकल देऊ नका असं म्हणायची सोय नव्हती, घरातले सगळे तिच्या बाजूनं. मग मी माझ्या अकलेनं तोड काढली. पहिल्याच दिवशी सायकल ढकलत गावात नेली आणि सायकल दुरुस्त करणाऱ्या मामांपुढं उभी केली.

"मामा, ह्याचा पुढचा ब्रेक काढून टाका."

मामांनी पान्हा खाली ठेवला. "वहिनी, वस्तीवरनं यायचं हाय ना पोरीला? उताराला खरा ब्रेक फुडचाच. मागचा निस्ता सोबतीला."

"माझे दात त्यानंच पाडले. तुम्ही काढा."

"आवो, फुडचा एकटा आवळला तर फेकणारच. दोन्ही मिळून जरा-जरा दाबायचे आसतात."

"ती घाबरून आवळणारच, मामा. माझीच पोरगी आहे. काढा म्हणते ना."

काढला त्यांनी. उजव्या मुठीवर नुसतं रबर राहिलं. पोरीनं घरी आल्यावर त्या मोकळ्या मुठीवरून दोनदा हात फिरवला. मला वाटलं, चला, एक घोर मिटला.

पण घोर कसला मिटतोय! रोज सकाळी मी अंगणातून ओरडायची, "सावकाश जा गं!" आणि ती न वळता "व्हय" म्हणायची. आमच्या अंगणातून पहिलं वळण तेवढं दिसतं. ती तिथं दिसेनाशी झाली की मी कान देऊन उभी राहायची. धाडकन काही वाजतंय का, कोणी ओरडतंय का. काही वाजलं नाही की मग तव्याकडं वळायची. कितीदा भाकरी करपली असेल, आणि सासूबाईंनी ऐकवलं असेल.

दोन महिन्यांत तिच्या उजव्या बुटाचा तळ घासून भोक पडलं. फक्त उजव्याच. डावा नव्यासारखा. मी तिला धारेवर धरलं. "पाय आहेत का किसणी? रस्त्यानं दगडं उडवत जाते काय, भवाने?" ती खाली मान घालून म्हणाली, "आता न्हाई घासणार." दिवाळीपर्यंत दुसऱ्या जोडाचा उजवा बूटही गेला. मी पुन्हा तोंड सोडलं. त्यानंतर तिनं कुठून तरी जुन्या टायरचा तुकडा आणला, कात्रीनं बुटाच्या मापाचा कापला आणि तळाला चिकटवला. मला एवढं कौतुक वाटलं म्हणून सांगू! शेजारच्या जाऊबाईंना बोलावून मी तो बूट दाखवला. म्हटलं, बघा, पोरगी संसारी निघणार.

माघ महिन्यात शाळेत विज्ञानाची परीक्षा होती. ह्यांना कामावर जायचंच होतं, म्हणून त्यांनी पोरीला मोटारसायकलवर सोडलं. सायकल अंगणातच राहिली. तासाभरानं बाईंच्या फोनवरून तिचा रडवेला आवाज. "मम्मी, जर्नल घरीच राहिली गं. अर्ध्या तासात बघायला घेणार हायेत."

वस्तीवर गाडीवाला माणूस एक नाही. ह्यांचा फोन बंद, कंपनीच्या गेटवर जमा. मी जर्नल पिशवीत घातली, पिशवी मुठीला अडकवली आणि सायकलकडं बघत उभी राहिले. इतक्या वर्षांत बसले नव्हते. मनाशी म्हटलं, ब्रेक दाबून धरूनच उतरायचं, पळवायचीच नाही. लेकरू रोज जातं, मला काय धाड भरलीये? पदर खोचला आणि निघाले.

पहिलं वळण बरं गेलं. मी ब्रेक दाबून होते, सायकल कुरकुरत चालली होती. वळणानंतर रस्ता एकदम खाली जातो. चालताना एवढा उतार कधी जाणवला नव्हता. सायकल धावायला लागली. मी ब्रेक आणखी दाबला, पार मुठीला टेकवला, तरी ती ऐकेना. मागचं चाक जाम झालं आणि बारीक खडीवरून आडवं सरकायला लागलं. घाबरून सोडला तर सायकल सरळ झाली आणि दुप्पट सुटली. वारा कानात शिरला. समोर दुसरं वळण. माझा उजवा हात ब्रेक शोधायला लागला. बोटं नुसत्या रबरावर आवळली गेली. तिथं काही नव्हतं. मीच काढलं होतं.

"आई गं!" मी ओरडले. जीभ दातांवर.

आणि माझा उजवा पाय आपोआप खाली गेला. मी ठरवलं नव्हतं, तोच गेला. चप्पल डांबरावर खर्रर्र करत घासायला लागली, गुडघ्यापर्यंत झिणझिण्या, जळक्या रबराचा वास. चपलेचा अंगठा तुटला. मी हॅण्डल डोंगराच्या बाजूला वळवलं आणि बोराटीच्या काट्यात जाऊन पडले.

जगले, एवढंच कळलं. कोपर सोलून निघालं होतं, पायाचा तळवा पेटला होता. उठून बसले आणि रस्त्याकडं नजर गेली. वळणाच्या अलीकडं डांबरावर काळ्या रेघा होत्या, एकीवर एक. काही जुन्या, पुसट; काही कालच्या असाव्यात. मला टायरचा तो तुकडा आठवला. जाऊबाईंना दाखवलेला.

पडताना वाटली तिच्याहून मोठी भीती मला आता वाटली, सगळं होऊन गेल्यावर. आठ महिने. रोज सकाळी मी वर कान देऊन उभी असायची आणि इथं माझं लेकरू एका पायावर जीव तोलत असायचं.

उरलेला रस्ता सायकल ढकलत, एका पायानं अनवाणी उतरले. पोरगी शाळेच्या फाटकाशी उभी होती. तिनं जर्नल घेतली. माझ्या कोपराकडं बघितलं, पायाकडं बघितलं.

"दुसऱ्या वळणाला?" तिनं विचारलं.

"व्हय."

मला तिला मारावं वाटलं आणि पोटाशी धरावं वाटलं. "सांगितलं का न्हाईस गं कधी?"

"तू सायकल काढून घेतली असती."

खरं होतं. घेतलीच असती. ती पळत वर्गात गेली.

तिथूनच मामांकडं गेले. मामांनी माझा अनवाणी पाय बघितला. खिळ्याला टांगलेला ब्रेक काढला, पुसला आणि बसवला. मग माझा हात मुठीवर धरून दाखवलं: दोन्ही सोबत, हलकेच, आणि वळणाच्या आधी, वळणात शिरल्यावर नाही. मी ते तोंडपाठ करून घरी येऊन पोरीला सांगितलं. तिनं शहाण्यासारखं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात उभी राहिले नाही. तिच्या आधी निघाले आणि दुसऱ्या वळणाला, त्या काळ्या रेघांपाशी, जाऊन थांबले. ती आली. वरूनच हळू येत होती, दोन्ही हात ब्रेकवर, सायकल अगदी तिच्या कह्यात. मला बघून हसलीसुद्धा. आणि वळण आलं तसा तिचा उजवा पाय पेडलवरून सुटला, रस्त्याच्या वर चार बोटं तसाच धरलेला राहिला, वळण संपेपर्यंत.

आता ती दहावीत आहे. पाय अजून सुटतो.