पासपोर्टच्या फोटोतली तीट
काजळाच्या डबीचा तो तुपकट वास आला की मला आमचं नाहूरचं घर आठवतं. दोन्ही पोरांना घेऊन सिंगापूरला जायचं घाटत होतं, धाकटा तेव्हा सहा महिन्यांचा होता, आणि सासूबाईंना हा बेत मुळीच पसंत नव्हता. पासपोर्टसाठी बाळाचा फोटो काढायला गेले, तर गालावर ही मोठी तीट. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, असला डाग चालत नाही." पुसायला गेले तर काजळ गालभर पसरलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याचं तोंड धुतलं, पण मी चपला घालेपर्यंत कपाळावर नवी तीट हजर. नजर लागते वगैरे ठीक आहे, पण मला वाटायला लागलं की सासूबाई हे मुद्दाम करतायत. फोटो नाही तर पासपोर्ट नाही, आणि मग सिंगापूरही नाही. तिसऱ्या वेळी मी लस द्यायला नेतेय अशी थाप मारली. त्यांनी फक्त एवढ्या उकाड्यात त्याच्या पायांत मोजे चढवले. रिक्षात मी त्याचं तोंड, मान, कानामागे, सगळं तपासलं. कुठेच काही नव्हतं. फोटो झकास आला. घरी येऊन मोजे काढले, तर डाव्या तळव्यावर काळाभोर ठिपका. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "पायाचो फोटो काढतत काय गो?" आता त्या नाहीत. आज धाकट्याचा पासपोर्ट नवा करायला निघालोय, आणि नवरा दारात उभा राहून माझ्याकडे संशयाने बघतोय, "एवढ्या गरमीत त्याला मोजे कशाला गं?"